बायकांच्या वॉर्डातले मापाचे भांडे

मित्रांनो, मी मापाचे एक जुने भांडे आहे. कशाचे माप, ते ऐकून नाक मुरडू नका. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, मी रोग्यांची लघवी मोजत असे. अंगावर पांढरा मुलामा, काठाला निळी कड आणि आतल्या बाजूला पन्नासाच्या टप्प्याने हजार मिलिलिटरपर्यंत रेघा. १९६८ साली मी त्या वॉर्डात आले.

हृदय थकले की माणसाच्या अंगात पाणी साठू लागते. पाय सुजतात, पोट फुगते. पाणी छातीत चढले की आडवे पडताच जीव गुदमरतो. त्या काळात लघवी वाढवणारे एक नवे इंजेक्शन दवाखान्यात येऊ लागले होते. सकाळी ते टोचले की दुपारपर्यंत मी दोनदा काठोकाठ भरत असे, आणि चार दिवसांत रोग्याच्या पायावरची सूज उतरे. पण औषध लागू पडले की नाही, हे माझ्या रेघांवरूनच कळायचे.

इंदुताई नावाची नर्स मला नीट वापरायची. सपाट ओट्यावर ठेवायची, वाकून रेघ डोळ्यांसमोर आणायची आणि मगच तक्त्यावर आकडा लिहायची. डॉक्टर राउंडला आले की पहिल्यांदा तो तक्ता मागत. “इंदुताईचा आकडा आहे ना? मग विचार करायचं काम नाही,” असे म्हणत. तेव्हा मला माझ्या कामाची लाज वाटत नसे.

१९७६ च्या हिवाळ्यात खाप्याहून रुखमाबाई आल्या. त्या आणि त्यांचे यजमान चंपतराव कन्हान नदीच्या पात्रात डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायचे. हात एवढे सुजले होते की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. पायावर बोट दाबले की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरून येत नसे. सहा महिने त्या भिंतीला टेकून बसूनच झोपत होत्या.

इंजेक्शन सुरू झाले. पहिले दोन दिवस मी भरले. मग दोनशे, शंभर, पन्नास. डोस वाढवला, तरी तेच. रुखमाबाईंना मळमळू लागले, बोलता बोलता त्यांची शुद्ध हरपू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, की इंजेक्शनाबरोबर कडक, म्हणजे नेहमीपेक्षा पुष्कळ खारट, सलाईन थोडे थोडे द्यायचे.

चंपतराव खाटेपाशी उभे होते. ते म्हणाले, “डाक्टरसाहेब, सा महिन्यांपासून तिचं मीठ बंद केलं तुम्हा डाक्टर लोकांनी. अळणी भाकर खाऊन राहिली ती. आता शिरेतूनच मीठ देता, हे काहून?”

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “अंगात पाणी इतकं झालंय, की रक्तातलं मीठ पातळ झालं. त्यामुळे औषध चालत नाही. थोडंसंच देऊ, अगदी हळू. पण यात धोका आहे, चंपतराव. लघवी वाढली तर ती वाचेल. नाही वाढली, तर हेच पाणी छातीत जाईल. म्हणून दर दोन तासांनी मोजायचं. आकडा कमी झाला, की त्याच घटकेला सलाईन बंद.”

तीन दिवस इंदुताईने मोजले. दीडशे, तीनशे, चारशे. वजन चार किलोंनी उतरले. तिसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाई म्हणाल्या, “इंदुताई, उशी काढा वं. मले आडवं होऊन पाहू द्या.” उशी काढली. त्या उताण्या पडून छताकडे पाहत राहिल्या, आणि चंपतराव बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आले.

चौथ्या दिवशी इंदुताईला गावाहून तार आली. आई गेली होती. तिच्या जागी आलेल्या नर्सकडे दोन वॉर्ड होते, म्हणून मोजायचे काम सुभद्राबाई आयाकडे आले. सुभद्राबाई वाईट नव्हती. अठ्ठावीस खाटा, आया ती एकटी, आणि मोरी व्हरांड्याच्या पार टोकाला. सकाळी तिने मला हात लावला नाही. खाटेवर द्यायचे लघवीचे भांडे तसेच मोरीत रिकामे केले आणि नर्सला सांगितले, “चारशे.” कालचाच आकडा तो. दोन तासांनी पुन्हा चारशे. मी खुंटीला कोरडे टांगलेले होते.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला, समाधानाने मान हलवली आणि पुढची बाटली लावायला सांगून गेले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला रुखमाबाईंना खोकला सुटला. त्या उठून बसल्या, खाटेचा गज धरला. तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला. डॉक्टर धावत आले, सलाईन काढले, प्राणवायू लावला, दुप्पट इंजेक्शन दिले. मला खुंटीवरून काढून खाटेखाली ठेवले. माझ्यात एक थेंब पडला नाही. सहा वाजायच्या आत रुखमाबाई गेल्या.

डॉक्टर तक्ता हातात घेऊन उभे होते. “आज किती झाली होती?” त्यांनी विचारले.

सुभद्राबाई भिंतीला टेकून खाली बसली. “मोजलं नाही जी म्या,” ती म्हणाली.

तेव्हा चंपतराव बोलले. आवाज अगदी हळू होता. “खाटेवरचं भांडं मीच उचलून देत होतो बाईले. सकाळपासून बुडाशी जराशीच होती. म्या पाहिलं. पण कागदावर चारशे लिहिलं होतं. म्हटलं, शिकलेल्या माणसाइचा कागद आहे, आपल्याले काय समजते?”

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. “मी पण कागदच पाहिला,” ते म्हणाले. “तिच्या पायावर बोट दाबून पाहिलं नाही मी.”

चंपतरावांनी रुखमाबाईंची चादर सारखी केली.

इंदुताई परत आली, तिने तक्ता वाचला आणि त्या दिवशी मला तीनदा घासले. सुभद्राबाईला काढले नाही. पण पुढे ती प्रत्येक वेळी मला नर्सच्या डोळ्यांसमोर आणून धरायची आणि आकडा दोनदा म्हणायची. वॉर्डात दुसरी आया यायला मात्र आणखी तीन वर्षे लागली.

आता रेघा छापलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आहेत. माझा मुलामा उडाला, बुडाला गंज चढला. मी सामानाच्या खोलीत पालथे पडून आहे. त्याचे दुःख नाही.

पण मित्रांनो, पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. आणि डोळ्यांना एक दिसत असेल, कागद दुसरे सांगत असेल, तर समोर कितीही शिकलेला माणूस असो, त्याला विचारा. भांड्याला तोंड असते, वाचा नसते. त्या दिवशी खुंटीवरून मला सगळे दिसत होते.