मी अडवलं की चूक लपायची

मित्रांनो, तळहातावर मावणारी, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली एक जुनी डबी आहे मी. मला डिबगर म्हणतात. माझी एक वायर कॉम्प्युटरला लावतात, दुसरी मशीनच्या मेंदूला. चालता प्रोग्राम मी हव्या त्या ओळीवर थांबवते आणि आत काय चाललंय ते दाखवते.

प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईंनी मला नवीकोरी असल्यापासून वापरलं. पुढे माझ्याहून चपळ डब्या आल्या आणि मी कपाटात गेले. पण बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या जुन्या मशीनला माझीच वायर बसते.

ते मशीन मधेच अडायला लागलं. सुपरवायझर मशीन चालवणाऱ्या मावशींवर घसरले, "तुमचाच हात लागतो कुठेतरी. उद्यापासून लेबलं चिकटवा."

"चिकटवते की, साहेब. मशीन तुम्ही चालवा," मावशी हसून म्हणाल्या. पण मशीन पुसणारं त्यांचं फडकं जागीच थांबलं होतं.

ताईंनी मला बाहेर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि मशीनला जोडलं. मावशींना लांब बसवलं. मी एकेका ओळीवर प्रोग्राम अडवत गेले, पण चूक काही दिसेना. मशीन अगदी शहाण्या बाळासारखं वागत होतं.

"बघा! मावशी लांब बसल्या आणि मशीन सुतासारखं सरळ!" सुपरवायझर म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. ताई मात्र विचारात पडल्या. "त्या लांब बसल्या म्हणून नाही, साहेब. मी प्रोग्राम सारखा अडवतेय म्हणून. डबुले, आता थांबवायचं नाही, नुसतं बघायचं. मावशी, या. रोजच्यासारखं चालवा."

मशीन भरधाव सुटलं. मी न अडवता पाहत राहिले आणि चूक सापडली! 'बाटली आली' आणि 'झाकणं संपत आली' या दोन खबरा एकाच क्षणी आल्या, की प्रोग्राम एकीवर दुसरी लिहून टाकायचा. पहिली पुसली जायची आणि मशीन अडायचं. मी अडवलं, की त्या मागेपुढे यायच्या आणि चूक लपायची.

ताईंनी दोन्ही खबरांना वेगळी जागा दिली. मशीन पुन्हा अडलं नाही.

"लेबलांचं राहू द्या, मावशी," सुपरवायझर पुटपुटले.

"का? बरा झाला वाटतं माझा हात?"

ताई खो खो हसल्या. मावशींनी मशीन पुसता पुसता त्याच फडक्याने मलाही पुसलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या डबीची वायर हिसकून ओढू नका, अलगद काढा. आणि काही बिघडलं, तर कुणाच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी थोडा वेळ नुसतं बघा.