गाडी गार ठेवा, विहीणबाई

गाडी दुपारी कुणाच्याही हातून सुरू व्हायची. सकाळी मात्र किल्ली फिरवली की नुसती घरघर, मग एक उचकी, मग गप्प. आणि विहीणबाईंना ती लागायची सकाळीच. पावाच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेखीचं काम, पहिली पाळी, कारखाना गावाबाहेर, आणि हजेरी पहिल्या बसच्याही आधी.

तशा त्या विहीणबाई एकाच माणसाच्या. लेकीच्या सासऱ्यांचं शहराच्या दुसऱ्या टोकाला गॅरेज होतं. पण हा माणूस हाकच इतकी खणखणीत मारायचा, की गॅरेजातली माणसंही त्यांना विहीणबाईच म्हणू लागली होती.

नवरा उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून त्यांना कशाचं काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, भूक नाही, राग तर नाहीच. गीझर लावायचा राहून जाई, गार पाण्याने अंघोळ होई, आणि अंग पुसताना लक्षात येई की पाणी गार होतं. लेक फोनवर विचारी, "आई, बरी आहेस ना?" त्या म्हणत, "बरी आहे." उत्तर इतकं तयार असे, की कधीकधी प्रश्नाच्या आधीच निघून जाई.

थंडी पडली आणि कारखान्यात उशीर होऊ लागला. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि सांगितलं की सोमवारपासून वेळेवर जमत नसेल तर दुसरं कुणी बघावं लागेल. लेकीला निमित्तच मिळालं.

"रविवारपर्यंत गाडी नीट झाली तर ठीक. नाहीतर विकून टाक, नोकरी सोड, आणि आमच्याकडे राहायला ये. एकटीने कुढत कशाला बसायचं?"

"मी कुठे कुढते?"

"तेच तर म्हणतेय मी!"

विहीणबाईंना जायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्यांनी येऊ नये हे व्याह्यांना मात्र कारणासकट ठाऊक होतं. माणूस दयाळू, पण दया आणि हिशेब एकाच खिशात ठेवणारा. लेक-जावई त्यांच्याच घरात राहत. विहीण तिथे कायमची राहायला आली, की हे स्वतःच्या घरात कायमचे पाहुणे. बनियनवर फिरायचं नाही, जेवून मोकळेपणी ढेकर द्यायची नाही, बायकोशी भांडायचं तर गच्चीवर जायचं. तेव्हा ही गाडी त्यांनी फारच मनावर घेतली होती.

बॅटरी बदलून झाली. प्लग बदलून झाले. स्कॅनर लावला, तर सगळे आकडे जागच्या जागी. अडचण अशी, की अख्खं शहर ओलांडून गॅरेजात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असे, आणि तापलं की एका फटक्यात सुरू. एक रात्र तिथेच ठेवून पाहिली. आत बंदिस्त, उबदार. सकाळी थोडे आढेवेढे घेतले आणि स्कॅनर जोडायच्या आतच झाली सुरू.

"माहेरी रुसते आणि इथे आली की गुणी बाळ," व्याही म्हणाले. "तुमच्या लेकीचं बरोबर उलट."

विहीणबाई हसल्या. हसायच्या जागा त्यांना अजून ओळखू येत.

"शनिवारी सकाळी मीच येतो. तुमच्या दारात, तिच्या थंडीत. एकच पथ्य पाळा. किल्लीला हात लावायचा नाही. गाडी गार ठेवा, विहीणबाई."

शनिवारी त्यांनी रजा टाकली. पहाटे उठून केर काढला, लादी पुसली, पलंगपोस बदलला, चांगले कप काढून पुसून ठेवले. मग खिडकीतून खाली गाडी दिसली. व्याही येणार, आणि ही त्यांच्यासमोर खोकत उभी राहणार. विहीणबाईंचे पाय आपोआप जिना उतरले. सेल्फ मारला, थांबल्या, पुन्हा मारला, पॅडल दाबून मारला. शेवटी एकदाची धडधडत सुरू झाली. चांगली तापू दिली, बंद केली, काचही पुसून घेतली.

व्याही आले. त्यांनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"विहीणबाई, हिचा चहा आधीच झाला वाटतं?"

"तुम्ही येणार म्हणून..."

"म्हणून?"

"तुमच्यासमोर बंद पडली असती तर बरं दिसलं नसतं."

व्याही पायरीवर बसले. "अहो, डॉक्टर घरी बोलावलात आणि पेशंटला पावडर लावून बसवलंत!" त्यांनी कपाळाला हात लावला, आणि कपाळावर काळा पट्टा उमटला. "उद्या रविवार. उद्या परत येतो. पण उद्या मी पाहुणा नाही. केरसुद्धा काढू नका. तुमचा भरवसा नाही, झाडत झाडत खाली याल."

रविवारी विहीणबाईंनी काही केलं नाही. अंथरूण तसंच, रात्रीचे कप मोरीत, केस विस्कटलेले. हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसून राहिल्या. न आवरलेल्या घरात दार उघडताना लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

खाली काचेवर बर्फाची पातळ साय धरली होती. व्याह्यांनी सेल्फ न मारताच स्कॅनर जोडला, पडद्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"या इकडे. काचेवर काय आहे?"

"बर्फ."

"आणि इंजिन काय म्हणतंय? वाचा."

"पंच्याऐंशी."

"पंच्याऐंशी डिग्री! गारठून दगड झालंय, आणि सांगतंय गरम आहे म्हणून." त्यांनी इंजिनच्या कडेला अंगठ्याएवढ्या पितळी तुकड्यावर बोट ठेवलं. "हा सेन्सर. इंजिन थंड आहे असं याने कळवलं, तर सुरू करताना पेट्रोल जास्त सुटतं. हा रोज एकच निरोप धाडतो, सगळं ठीक आहे. मग जास्तीचं कोण कशाला देईल? गॅरेजात पंच्याऐंशी दिसायचं, आणि तिथे इंजिन खरंच तेवढं तापलेलं असायचं. खोटं पकडणार कसं?"

त्यांनी सेन्सरची वायर काढली. "याचं तोंडच बंद करू. निरोपच आला नाही, तर गाडी थंडी धरून आपणहून पेट्रोल जास्त सोडेल. मारा सेल्फ."

गाडी सुरू झाली. लगेच बंद करून व्याह्यांनी खिशातल्या फडक्यातून अंदाजाने आणलेला नवा सेन्सर काढून बसवला. पडद्यावर आकडा आला, चार. पुन्हा किल्ली, पुन्हा सुरू.

विहीणबाई त्या चारकडे बघत राहिल्या. फोन वाजला.

"झाली का?" लेकीने विचारलं.

"झाली."

"म्हणजे तू येत नाहीस."

"नाही."

"बरं बाई. आणि तू? बरी आहेस ना?"

विहीणबाईंनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतंच, पण ते तिथेच राहिलं. व्याही पाठ करून पाने-पक्कड गोळा करत होते, चार पान्यांना लागावा त्याहून बराच जास्त वेळ लावून.

"नाही गं," त्या म्हणाल्या.

पलीकडून बारीक आवाजात, "येऊ का मी?"

"ये. चार दिवस राहायला ये. न्यायला नको."

व्याह्यांनी बॉनेट बंद केलं, हलक्या हाताने. "चहा मिळेल ना, विहीणबाई?"

"कप घासलेले नाहीत."

"पाहिलेत मी, दारातूनच."

वर येऊन त्यांनी नळ सोडला. दुसरा कप हातात होता तेव्हा बोटांची टोकं ठणकू लागली. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा पाण्याखाली धरला. ठणकत होती खरी.

"गीझर लावू का?" व्याह्यांनी विचारलं.

"लावा," विहीणबाई म्हणाल्या. "पाणी फार गार आहे."