कराटेच्या ड्रेसला कांजी

टेबलावर फायली वाचून वाचून नंदकुमार सामंताची मान अशी आखडली होती, की कुणी मागून हाक मारली तर तो खुर्चीसकट वळायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. सकाळचं फिरणं चहाच्या टपरीपर्यंतच टिकलं. छातीसाठी आणलेल्या स्प्रिंगांवर त्याची बायको जयंती ब्लाउज वाळत घालू लागली. मग मुलुंडच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिवदास सरांचा कराटे क्लास निघाला, आणि चाळिशी ओलांडलेला हा भला माणूस चक्क त्याच्या प्रेमात पडला. एक खाडा नाही! दोन खोल्यांचं घर, त्यामुळे सराव पोळ्या लाटणाऱ्या जयंतीच्या पाठीमागेच चाले.

"या वयात मारामारी कुणाशी करणार? साहेबांशी?" ती म्हणायची.

"रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. येशील?" त्याने भीतभीतच विचारलं. तिने एकदा बघावं, हसली तरी चालेल, असं त्याच्या फार मनात होतं.

"आणि गच्चीवरच्या पापडांची राखण कोण करणार? कावळे टपलेत नुसते."

त्याला वाईट वाटलं ते वाटलंच.

रविवारी उठून बघतो तर ड्रेस खुर्चीवर ताठ उभा! नीळ, कांजी, कडक इस्त्री आणि पँटला सुरीसारखी घडी.

"अगं, कराटेच्या ड्रेसला कुणी कांजी घालतं का?"

"मग काय परीक्षेला चोळामोळा झालेला घालून जाणार?"

बोलायला वेळच नव्हता. तो पापडासारखा कडकडत पळाला.

पटांगणात पहिला ठोसा मारला आणि बाहीचा आवाज झाला, फटाक्! परीक्षक दचकले. दुसरा ठोसा, पुन्हा फटाक्! नंदकुमारच्या अंगात वारं शिरलं. पण एप्रिलचं ऊन ते. घामाने कांजी विरघळली, ड्रेस चिकट होऊन अंगाला बिलगला. त्यातच हालचालींचा क्रम चुकला. उजवा पाय पुढे टाकून तो तसाच थिजला. झालं, वाट लागली!

"अहो, डावा! डावा पाय, मग वळायचं!"

फाटकाशी जयंती उभी होती, धापा टाकत.

परीक्षकांनी डोळे वटारले. "ओ बाई, कोण तुम्ही? बाहेरून सांगायचं नाही!"

"रोज यांच्या लाथा चुकवत पोळ्या लाटते मी. मला पाठ झालंय, यांना होत नाही!"

सगळं पटांगण हसलं, शिवदास सरसुद्धा. नंदकुमारला पहिल्यापासून सगळं पुन्हा करायला लावलं. त्याने केलं, एकदाही न चुकता. फाटकाकडे मात्र बघितलं नाही, बघितलं असतं तर पुन्हा चुकला असता.

घरी जाताना कमरेला पिवळा पट्टा होता. एवढी कांजी तिने याआधी त्याच्या नोकरीच्या मुलाखतीच्या शर्टाला घातली होती, हे त्याला आता आठवलं.

"आणि गं, पापड?"

"कावळ्यांनी नेले असतील एव्हाना," जयंती म्हणाली आणि त्याचा सैल झालेला पट्टा भर रस्त्यात ओढून नीट बांधू लागली.