बसली की बसवली

पिस्टनवर रिंगा खालून वर चढवतात. आधी तेलाची, म्हणजे तिसरी. मग दुसरी. पहिली शेवटी. म्हणून इथले आकडे उलटे आहेत.

तीन.

पारशिवनीचे देवाजी ट्रॅक्टर घेऊन माझ्या गॅरेजात आले, कळमना बाजाराच्या मागच्या रस्त्यावर. ट्रॅक्टर त्यांची सून अश्लेषा चालवत होती. घरी तीच चालवते. इंजिन खोललं. तेलाच्या रिंगा चढवून झाल्या. अश्लेषाने डब्यातली पुढची रिंग उचलून उजेडात फिरवली.

"काका, याच्यावर बारीक टॉप लिहून आहे. हे बाजू वर पाहिजे का?"

"रिंगले काय उलटं-सुलटं, वं? बांगडी घालताना पायते का तू, कोणती बाजू वर?" मी म्हणालो.

शेजारचे दोन ड्रायव्हर हसले. देवाजीही हसले. तिने रिंग डब्यात ठेवली.

मी शिकलो तेव्हाच्या रिंगांवर काही लिहिलेलं नसायचं. हे खरं आहे. त्याने मी सुटत नाही.

दोन.

सतरा दिवसांनी ट्रॅक्टर निळा धूर सोडत परत आला. नव्या रिंगा घातलेल्या इंजिनाला पहिले पन्नास तास जड ओझं द्यायचं नसतं. अश्लेषाने संत्र्यांनी भरलेली ट्रॉली ओढली होती. त्याने रिंगा गेल्या.

हा तुकडा उलटा बसला आहे. काढतो.

दोन, पुन्हा.

निळा धूर खरा. सतरा दिवस खरे. मी इंजिन खोललं तेव्हा देवाजी आणि अश्लेषा चहाला गेले होते. दुसरी रिंग काढून नख फिरवलं. अक्षरं खालच्या बाजूला. दुसऱ्या पिस्टनवरही खाली. तिसऱ्यावरही. जी रिंग तेल खाली खरवडते, ती ते वर नेत होती, आणि ते जळून निळा धूर येत होता. तिन्ही रिंगा फडक्यात गुंडाळून खिशात टाकल्या.

दोघं आले.

"लोड देल्ला ना गाडीले?" मी म्हणालो. "पन्नास तास सांगतले होते."

"ट्रॉली रिकामी होती, काका."

"तीस वर्षं झाले त्याले या कामात," देवाजी तिला म्हणाले. "तो काहून खोटं बोलन?" त्यांनी तिच्या हातातली किल्ली घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "आता राहू दे तू. मी चालवीन."

ती माझ्याकडे बघत होती. मी पुसलेला पाना पुन्हा पुसला.

एक.

दुपारी नवा सेट आणला. तेलाच्या रिंगा चढल्या. दुसऱ्या चढल्या, अक्षरं वर. अश्लेषा लांब, जुन्या टायरवर बसली होती. पहिली रिंग चिमट्यात धरली. चिमटा खाली ठेवला. खिशातून फडकं काढून उलगडलं.

"देवाजी, ट्रॉलीनं काही नाही झालं. दुसरी रिंग उलटी बसली होती."

"म्हणजे मालच खराब आला म्हणा ना," देवाजी म्हणाले. "आजकाल असाच येऊन राहिला."

त्यांनी मला सुटायला दार उघडून दिलं होतं. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

"बसली का बसवली, काका?" अश्लेषाने टायरवरूनच विचारलं.

"बसवली."

"कोणं?"

"मी. तिन्ही. चहाला गेले होते तुमी, तवाच दिसलं मले."

देवाजी फडक्यातल्या रिंगांकडे बघत राहिले. मग खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली, दुसरीकडे तोंड करून. तिने घेतली नाही. ती माझ्याजवळ आली.

"चिमटा द्या."

दिला. तिने पहिली रिंग उजेडात फिरवली, अक्षरं सापडली, आणि रिंग माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी वाचत नाही तोवर ती हलणार नव्हती.

"टॉप," मी वाचलं.

"कोणत्या बाजूले?"

"वर."

तिने रिंग चढवली. मग पुढची उचलली आणि तीही माझ्या डोळ्यांसमोर धरली. मागे देवाजींचा हात किल्ली घेऊन तसाच होता.