कावूनवालीचा नमुना पाठ

"प्रियदर्शनी, तोंडावर हसू ठेव. समोरचा काही बोलला तरी 'व्हेरी गुड' म्हणायचं. अन् ते 'व्हाय' तर बिलकुल नाई!"

चंदन सर मले दम देऊन राहिले होते. राजापेठेत त्यांच्या क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते. मास्तरांले परदेशात नोकरी लावून द्यायचा सरांचा जोडधंदा हाय. मागच्या मुलाखतीत त्यांचं ऐकून मी नाकातून अमेरिकन बोलली, अन् नोकरी गेली. आज हनोईच्या शाळेची ऑनलाइन मुलाखत होती, अन् ही नोकरी मले पाहिजे म्हणजे पाहिजेच. तिकडे अकोटले माही आई, इंदूबाई, पोरगी परदेशात चालली म्हणून सगळ्या गल्लीले सांगून बसली.

आपल्या वऱ्हाडात कोणी नुसतं "जेवलो नाई" म्हटलं, तरी लोक "कावून?" विचारल्याशिवाय सोडतात का? मी वर्गात तेच विचारते, इंग्रजीत: 'व्हाय?' त्यानंच पोरं बोलाले लागली. मले कावूनवाली मॅडम म्हणतात. सरांले तो गावठीपणा वाटते.

लॅपटॉपवर हनोईच्या मुख्याध्यापिका आल्या, लिन मॅडम. नमुना पाठात विद्यार्थी त्याच झाल्या. मान खाली घालून इंग्रजीत म्हणाल्या, "मला शाळा आवडत नाही."

सर लॅपटॉपमागून अंगठा दाखवून राहिले. व्हेरी गुड म्हण! काय डोंबलाचं व्हेरी गुड? लेकरू शाळा आवडत नाई म्हणते, अन् मी टाळ्या वाजवू? तळपायाची आग मस्तकात गेली माही.

"व्हाय?"

सरांनी कपाळावर हात मारला.

"माझं चुकलं की सगळे हसतात."

"व्हाय?"

"बाई आधी हसतात म्हणून."

"मग इथं खुशाल चूक. मी हसणार नाही. बोल."

मॅडम बोलतच गेल्या. पाठाची वेळ संपली तरी बोलून राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकी सगळ्या उमेदवारांनी मला व्हेरी गुड म्हटलं. मी काय म्हणाले ते ऐकलंच नाही. तुम्ही या."

सर तर नाचाचेच बाकी होते.

"मदतनीस म्हणून," मॅडम पुढे म्हणाल्या. "मुख्य शिक्षक आमच्याकडे इंग्लंड-अमेरिकेचेच असतात."

सरांनी हात जोडले. हो म्हण, माय! डोळ्यापुढे आई आली, गल्ली आली. नोकरी हातातून जाईल, हे कळत होतं. पण जीभ ऐकते काय?

"व्हाय?"

उत्तरासाठी मी थांबली. वर्गात थांबते तशीच.

"माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं."

"मी शिकवायला येईन. कोणाचे खडू उचलायला नाही."

सरांनी डोळेच मिटून घेतले.

लिन मॅडमनं कागदावरचं 'मदतनीस' खोडून कॅमेऱ्याले दाखवलं. मग म्हणाल्या, "खडू तुमच्याच हातात राहील. या."