वळणावरून काढलेला फोटो

फोटो. गुलाबी भिंती, निळा मनोरा, पिवळं दार. कालिम्पोंगच्या वर एवढंसं गाव, त्याचं चर्च.

"खेळण्यातलंच वाटतंय गं," मंगलामावशी म्हणाल्या. कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या त्या इमारतीत वैदेहीखेरीज मराठी म्हणजे याच. "कुठून काढलास?"

"खालच्या वळणावरून. परत उतरताना."

वैदेहीने टॅबवर पुढचा फोटो आणला. चर्चमागे लांब बाकं, वाफाळणारे टोप, हाताला धरून बसवणाऱ्या बायका. मधली मार्था दीदी.

"शौनक रस्ता विचारायला उतरला, तर आम्हाला जेवायलाच बसवत होत्या."

"टोपात काय?"

"एकात डुकराचं मटण. दुसऱ्यात भाजी, पण वाढायला डाव एकच."

"मग?"

"आम्हा नवरा-बायकोचा उपवास सांगितला."

मावशी हसल्या. "आपला हुकमी एक्का. पुढे कोणी आग्रह करत नाही."

इथे फोटो नाही.

इथे दीदीने विचारलं होतं, कोणासाठी? आणि वैदेहीच्या तोंडून गेलं होतं, मुलासाठी. ऋषभ पुण्यात, ठणठणीत. दीदीने आपली भरलेली ताटली बाजूला सारली होती. मग शेजारणीने. मग तिच्या शेजारणीने.

पुढचा फो

मोबाइल वाजला. मार्था दीदी. नंबर तिनेच मागून घेतला होता.

"बहीण, काल चर्चमध्ये आम्ही सगळ्यांनी उपवास केला. तुझ्या मुलासाठी. काय झालंय ते तेव्हा विचारलं नाही, आईला सांगायला जड जातं. आता उतार आहे ना?"

हो म्हटलं की संपलं. मावशीही खुणेने तेच सांगत होत्या. हो म्हण.

हो म्ह

"दीदी, त्याला काही झालेलं नाही. आमचा उपवास नव्हता."

पलीकडे कोंबडा आरवला. कोणीतरी नेपाळीत काही विचारलं. दीदीने त्याला थांबायला सांगितलं.

"म्हणजे आमच्या दारातून तुम्ही उपाशी गेलात?"

"नाही."

"मग जेवलात कुठे?"

वैदेहीने बोटाने फोटो मागे सरकवले. गुलाबी, निळा, पिवळा. खाली कोपऱ्यात, रस्त्याच्या कठड्यावर, स्टीलच्या डब्याचं झाकण. त्यात अर्धी दशमी.

"खालच्या वळणावर," ती म्हणाली. "तुमचं चर्च दिसत होतं तिथून."