समुद्र पाहून आलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. कळंबच्या धर्माजीची, काळी, पांढऱ्या किनारीची. जवळ आलात तर खारट वास येईल. नाक मुरडू नका. आमच्या पंचक्रोशीत समुद्र पाहून आलेली घोंगडी मी एकटीच, आणि हा मान काही मी मागून घेतलेला नाही.

माझा जन्म आणे पठारावरचा. जानकू धनगराने मेंढरं कातरली, त्याच्या बायकोने लोकर कातली आणि जानकूने मला विणून चिंचोक्याची खळ पाजली. धर्माजीच्या हाती देताना तो म्हणाला, "तुमी फाटाल, पन ही फाटायची न्हाई." विकणाऱ्याने सांगितलेली आणि खरी निघालेली एवढी एकच गोष्ट मी ऐकली आहे.

आमच्याकडे रिवाज असा, की भांडण मिटवायचं तर घोंगडी अंथरायची आणि दोघांनी तिच्यावर बसायचं. घोंगडीवर बसून दिलेला शब्द फिरवायचा नसतो. बांधांची भांडणं माझ्यावर मिटली, सोयरिकी माझ्यावर जुळल्या. ज्याला शब्द पाळायचा नसतो तो उभ्यानेच बोलतो, हे मात्र मी पुष्कळदा पाहिलं.

धर्माजीला मुलगा एकच, भगवंत. पण जीव बैलांवर. चैत्रातल्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत असते, आणि आमचा गाडा सोडायचं काम भगवंताकडे. एका साली निशाण पडायच्या आधीच त्याच्या हातून बैल सुटले आणि आमची बारी, म्हणजे धावायची पाळी, बाद झाली. धर्माजीने साऱ्या यात्रेसमोर मिसरूड फुटलेल्या पोराच्या कानफटात दिली. बैलांना त्या संध्याकाळी गूळ मिळाला. भगवंत त्याच दिवशी नाणेघाट उतरून गेला, तो परत आलाच नाही.

दोन वर्षांनी जुन्नरचा दस्तगीर खबर घेऊन आला. तो कोकणातून सुकी मासळी आणि नारळ आणून घाटावर विकायचा. "भाऊ, तुमचं पोरगं अलिबागंला हाय. नारळाच्या वाडीत रहाटाचा रेडा हाकतंय."

"हाकू दे," धर्माजी म्हणाला आणि भरलं ताट सोडून उठला.

त्याची बायको साळुबाई नवऱ्याला पुरती ओळखून होती. पोराला आणायला जा म्हटलं असतं तर हा बाप्या उंबरा ओलांडता ना. होळी झाली तशी ती म्हणाली, "तुमचा खोकला काय जाईना. दर्याची हवा खाऊन या."

खोकला! धर्माजी खोकला की चार घरांची कुत्री उठायची, पण आजवर कुणी त्याला साधा अडुळसासुद्धा दिला नव्हता. त्यालाही सबब हवीच होती. दुसऱ्या दिवसापासून तो गावभर खोकत हिंडला.

निघताना साळुबाईने माझी घडी त्याच्या खांद्यावर टाकली. "ही अंथरा, पोराला हिच्यावर बसवा, मंगच बोला. उभ्यानं बोलू नगा." वेशीवर लोकांनी विचारलं, कोकणात घोंगडी कशाला? धर्माजी म्हणाला, "दर्यावर लई गारठा असतोय." गावात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

दस्तगीरच्या सोबतीने घाट उतरलो, कल्याणला आगगाडीत बसलो, मुंबईहून मचवा धरला. गावच्या घोडनदीच्या पुरात उडी घेणारा आमचा वीर मचवा जरा डुलताच माझ्यावर ओकला.

अलिबागेत माणसं पंचा नेसून वारा घेत बसली होती. आमचे मालक खांद्यावर घोंगडी टाकून, घामाने निथळत, "हवा झ्याक हाय," म्हणत त्यांच्यामधून चालले. पोरंटोरं अस्वलवाला आला म्हणून मागे लागली.

वाडीत भगवंत भेटला. दोघे रहाटापाशी उभे राहिले.

"बरा हाईस?"

"बरा हाय."

"रेडा बरा हाय?"

"बरा हाय."

दोन वर्षांची ताटातूट अशी रेड्याच्या तब्येतीवर आटोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला विहिरीवर धुतलं आणि भगवंत बापाला समुद्र दाखवायला घेऊन गेला. ओहोटीची वेळ होती. पाणी लांब मागे गेलेलं, आणि पाण्यातल्या किल्ल्याकडे माणसं पायी चालत जात होती. एवढी मोकळी, स्वच्छ वाळू पाहून धर्माजी खूश झाला. घोडनदीच्या काठी वाळत घालतात तसं त्याने मला वाळूत पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मधोमध मांडी घातली.

"बस," तो म्हणाला.

बसण्याचा अर्थ भगवंताला ठाऊक होता. तो जरा घुटमळला. "बसतो, आबा. पन घोंगडी वर टाकू. हितं भरती यील."

"आदी बस."

"पानी यील म्हनतो ना!"

"आटलेलं पानी पावसाबिगर येतंय व्हय? घोडनदीच्या काठी जल्म गेला माझा, अन् तू मला पानी शिकीवतो?"

पोरगा बसायला तयार होता, फक्त चार हात वर. पण पोराचं ऐकून उठलं तर बापपण कुठे राहिलं? धर्माजी तसाच बसून राहिला आणि भगवंत उभा. मला दोघांच्याही तोंडात मारावीशी वाटली.

पहिली लाट माझ्या किनारीला शिवून गेली. धर्माजीने तिच्याकडे बघितलंच नाही. दुसरी त्याच्या धोतरात शिरली, तरी तो उठेना. तिसरीने दगड लोटले आणि मी निघाले.

"आरं घोंगडी! घोंगडी!"

आता उठला! माझ्यामागे धावला, कमरेएवढ्या पाण्यात आला आणि कोसळला. परतणाऱ्या पाण्याने त्याला आत ओढलं. मी भ्याले. घोडनदीने त्याला असं कधी ओढलं नव्हतं. भगवंताने झेप घेतली, एका हाताने बापाचं मनगट धरलं, दुसऱ्याने मला, आणि दोघांना ओढत काठावर आणलं.

भिजलेली घोंगडी वासराएवढी जड होते. ती एकट्याने पिळता येत नाही. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि समोरासमोर उभं राहून उलटसुलट पीळ द्यायचा. इकडेतिकडे बघायची सोयच नसते.

"आई कशी हाय?" भगवंताने विचारलं.

"तुझी वाट बघती."

थोडं पाणी गळलं.

"अन् तुमी?"

धर्माजीने असा पीळ दिला की माझे धागे करकरले. "म्या काय, म्या समुद्र बघाय आलो," तो म्हणाला. एवढा मोठा समुद्र, आणि त्याच्याकडे त्याची पाठ होती.

निरोपाच्या वेळी भगवंत एवढंच म्हणाला, "यात्रंला बघू."

घरी आल्यावर साळुबाईने पहिलं विचारलं, "घोंगडीवर बसून बोलला का?"

"बसलो न्हाई. पिळली."

तिने मला नाकाशी धरलं. मग विचारलं, "समुद्र कसा हाय?"

"मोठा हाय. पन येडा. गेलेलं पानी त्याचं माघारी येतं."

"मंग तुमच्यापरीस शानाच म्हनायचा," साळुबाई म्हणाली. तिने मला धुतलं नाही.

यात्रेच्या दिवशी तिने पहाटेच मला ओसरीवर अंथरलं. धर्माजी एका कडेला बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "पावणं, तिकडं नगा बसू, वल हाय." ओल कसली! चैत्रातलं ऊन होतं.

उन्हं चढली आणि भगवंत आला. खांद्यावर नारळांचं गाठोडं. ओसरीखाली थांबला.

"बस," धर्माजी म्हणाला.

भगवंत बसला. माझ्या दोन कडांवर दोघे. आत चुलीपाशी साळुबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. धर्माजीने घसा खाकरला, खोकल्याचं थोडं सोंगही केलं.

"आज गाडा तूच सोड."

"अन् आदी सुटला तर?"

"सुटू दे."

गाड्याचं पुढे काय झालं ते मला विचारू नका, मी ओसरीवरच होते.

आता मी दांडीवर असते. आभाळ आलं की अंगातल्या मिठाने घरात सगळ्यात आधी मी ओलसर होते आणि पावसाची खबर देते, म्हणून अजून मान आहे. उद्या नव्या सुना येतील आणि या वासाला कंटाळून मला धुण्याच्या सोड्यात उकळायला काढतील. बायांनो, तेवढं करू नका. माझ्यातलं सगळंच मीठ समुद्राचं नाही. थोडं यात्रेच्या त्या दिवशी, ओसरीवर, धर्माजीच्या डोळ्यांतून माझ्यावर पडलं आहे. तो घाम होता असं तो अजूनही सांगतो, आणि सांगताना मुद्दाम उभा राहतो.